आळ विषाणूवर, पण पुरावा काय?

(मंडळाच्या आरोग्य दिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला आज बोलायला सांगितलं तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "समोर इतके डॉक्टर बसलेले असताना मी?" आपल्या मंडळात डॉक्टरांची वानवा नाही. मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर. त्यावर अध्यक्ष म्हणाल्या, "डॉक्टर बोलले की लोक घाबरून ऐकतात. तू बोललास तर निदान प्रश्न तरी विचारतील." तेव्हा आधीच सांगून ठेवतो, मी जे बोलणार आहे ते वाचलेलं आणि जाणकारांना विचारून घेतलेलं आहे. तो वैद्यकीय सल्ला नव्हे. सल्ल्यासाठी आपले जीपी आहेत.

विषयही समितीनेच दिला. गेल्या स्नेहसंमेलनात जेवणाच्या रांगेत दोन-तीन काकूंनी एकच प्रश्न विचारला होता म्हणे: "गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर व्हायरसमुळे होतो, त्याची लस निघाली. मग ओव्हरीचा, म्हणजे अंडाशयाचा कॅन्सरसुद्धा व्हायरसनेच होत असेल ना? आणि मुलीने लस घेतली की दोन्ही टळले ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. यावर गेली कित्येक वर्षं संशोधन चालू आहे. उत्तर मात्र एका शब्दात देता येत नाही, म्हणून ही अर्ध्या तासाची तुमची शिक्षा.

आमच्या धंद्यात एक काम नेहमी असतं. सिस्टम बंद पडली की कारण शोधायचं. लॉग उघडले की पडण्याच्या वेळी एखादा प्रोग्राम चालू होता असं दिसतं, आणि सगळे त्याच्यावर बोट ठेवतात. पण तो तिथे होता म्हणून त्याने पाडलं असं होत नाही. कदाचित तो रोजच तिथे असतो. कदाचित सिस्टम पडल्यामुळेच तो सुरू झाला. आळ घेणं सोपं, पुरावा देणं अवघड. आजचं सगळं बोलणं या एका वाक्याभोवती आहे.

कोंबडीपासून सुरुवात

विषाणूमुळे कर्करोग होऊ शकतो ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. १९०९ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राउस या तरुण शास्त्रज्ञाकडे एका शेतकऱ्याने गाठ असलेली कोंबडी आणली. राउस यांनी ती गाठ कुटून तिचा रस अतिशय बारीक गाळणीतून गाळला. त्यातून ना पेशी जाऊ शकत होती, ना जीवाणू. तो गाळलेला रस दुसऱ्या कोंबडीला टोचल्यावर तिलाही तशीच गाठ झाली. म्हणजे जीवाणूपेक्षाही लहान असं काहीतरी त्या रसात होतं. हे संशोधन १९११ साली छापून आलं. लोकांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. राउस यांना नोबेल मिळालं ते १९६६ साली, वयाच्या ८७व्या वर्षी!

पुढे माणसांतली उदाहरणं मिळाली. १९६४ साली लंडनमध्ये एपस्टाइन, अचॉन्ग आणि बार यांनी आफ्रिकेतल्या मुलांच्या एका लिम्फोमाच्या पेशींत नवा विषाणू पाहिला, तोच ईबीव्ही. हिपॅटायटिस बी आणि यकृताचा कर्करोग यांचं नातं सिद्ध झालं. तैवानने १९८४ साली बाळांना हिपॅटायटिस बीची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि नंतर तिथल्या मुलांमधला यकृताचा कर्करोग घटला. २०१८ सालच्या जागतिक आकडेवारीनुसार सगळ्या कर्करोगांपैकी सुमारे १३ टक्के कुठल्या ना कुठल्या संसर्गामुळे होतात. यात विषाणूंबरोबर पोटातला एच. पायलोरी हा जीवाणूही आला. थोडक्यात, संशय घेणं मुळीच वेडगळपणाचं नाही.

चुकीचा आरोपी

आता गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची गोष्ट. १९७०च्या सुमारास सर्वांचा संशय हर्पीसच्या विषाणूवर होता. का, तर या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात हर्पीसच्या अँटिबॉडी जास्त सापडत. हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन शास्त्रज्ञांनी विचार केला, हा जर गुन्हेगार असेल तर त्याचा डीएनए गाठीत सापडला पाहिजे. त्यांनी शोध शोध शोधला, हर्पीस काही मिळेना. मग ते मस्से उठवणाऱ्या एचपीव्ही या विषाणूंच्या मागे लागले. १९८३ साली एचपीव्ही-१६ आणि पुढच्या वर्षी एचपीव्ही-१८ त्यांच्या गटाने गाठींतून वेगळे काढले. २००८ साली त्यांना नोबेल मिळालं.

मग हर्पीसच्या अँटिबॉडी का सापडत होत्या? कारण दोन्ही विषाणू शरीरसंबंधातून, एकाच वाटेने येतात. एक आलेला असला की दुसराही आलेला असण्याची शक्यता वाढते. चोर एचपीव्ही, आणि पकडला गेला त्याच्या गल्लीत राहणारा हर्पीस!

एचपीव्हीवरचा आरोप मात्र सगळीकडून पक्का झाला. विषाणू जवळजवळ प्रत्येक गाठीत सापडतो. तो पेशीत काय करतो हे ठाऊक आहे. आणि सर्वांत मोठा पुरावा म्हणजे, त्याला अडवलं की रोग थांबतो. इंग्लंडमध्ये मुलींना २००८ पासून शाळेत लस मिळते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, १२-१३व्या वर्षी लस मिळालेल्या वयोगटात या कर्करोगाचं प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी दिसलं. स्कॉटलंडमध्ये तर त्या वयात पूर्ण लस घेतलेल्या मुलींमध्ये २०२४च्या अहवालापर्यंत एकही रुग्ण आढळला नव्हता.

यात आपल्या मातीचाही वाटा आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत १९९९ पासून एक लाख एकतीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आणि मुंबईचं टाटा मेमोरियल त्यात होतं. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची तपासणी केली, तरी त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. २००९ साली हा निष्कर्ष छापून आला आणि जगभर त्याचा दाखला दिला जातो. ज्या बायकांनी आयुष्यात कधी तपासणीचं नाव ऐकलं नव्हतं, त्यांच्या सहभागातून हे ज्ञान जगाला मिळालं.

मग अंडाशयाचं काय?

आता मूळ प्रश्न. जगात दर वर्षी सुमारे सव्वातीन लाख स्त्रियांना अंडाशयाचा कर्करोग होतो आणि दोन लाखांहून जास्त त्याने दगावतात. संशयाला जागा आहे, कारण शरीराची रचनाच तशी आहे. योनिमार्ग, गर्भाशय, बीजवाहिन्या असा सरळ मार्ग थेट पोटाच्या पोकळीत उघडतो. खालून आलेला संसर्ग वर चढू शकतो. त्यातून गेल्या पंचवीस वर्षांत एक नवी गोष्ट कळली: आपण ज्याला अंडाशयाचा कर्करोग म्हणतो, त्यातला सगळ्यात जास्त आढळणारा आणि घातक प्रकार बहुतेक वेळा अंडाशयात सुरूच होत नाही. तो बीजवाहिनीच्या झालरीसारख्या टोकाशी सुरू होतो आणि तिथून अंडाशयावर पसरतो.

म्हणून शास्त्रज्ञांनी या गाठींत एचपीव्ही शोधला. आणि काय गंमत! काही आशियाई देशांतल्या अभ्यासांत निम्म्याच्या आसपास नमुन्यांत तो सापडला, तर युरोप-अमेरिकेतल्या कित्येक अभ्यासांत जवळजवळ शून्य. एकाच रोगात इतका फरक? आम्ही लोक अशा वेळी आधी मोजण्याच्या पद्धतीकडे बघतो. पीसीआर चाचणी इतकी तिखट नाकाची असते, की शेजारच्या नमुन्यातून उडालेला कणसुद्धा तिला पुरतो.

म्हणून तीन वेगळ्या बाजूंनी तपासून बघू.

पहिला पुरावा नन्सचा. १८४२ साली इटलीत रिगोनी-स्टर्न यांनी व्हेरोना शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी पाहिल्या. विवाहित बायकांत गर्भाशयाचा कर्करोग दिसे, नन्समध्ये तो क्वचित. कारण आज आपल्याला कळतं. आता अंडाशयाचा कर्करोगही तशाच संसर्गाने होत असता, तर नन्स त्यातूनही सुटायला हव्या होत्या. पण १९६९ साली अमेरिकेत ३१ हजारांहून जास्त नन्सच्या नोंदींचा अभ्यास झाला, त्यात अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू इतर बायकांपेक्षा उलट जास्तच दिसले. कारण त्यांना मुलं झालेली नसतात. बाळंतपण, अंगावर पाजणं, गर्भनिरोधक गोळ्या, ज्या ज्या गोष्टींनी बीज सुटण्याला विश्रांती मिळते त्यांनी हा धोका कमी होतो. गोळ्यांनी तर दर पाच वर्षांच्या वापरामागे सुमारे २० टक्क्यांनी.

पण इथे थांबून चालणार नाही. सीएमव्ही किंवा ईबीव्हीसारखे विषाणू लाळेतून पसरतात, ते नन्सनाही होतात. सीएमव्ही तर स्वीडनच्या काही संशोधकांना या गाठींत दिसलाही आहे. म्हणून दुसरा पुरावा बघू, जनुकांच्या नकाशाचा. २०१३ साली १९ प्रकारच्या कर्करोगांच्या चार हजारांवर गाठींतली जनुकीय माहिती कॉम्प्युटरने चाळून विषाणू शोधले गेले. हे काम मात्र आमच्या जातीचं! जिथे अपेक्षित होते तिथे ते बरोबर सापडले: गर्भाशयमुखात एचपीव्ही, यकृतात हिपॅटायटिस बी. म्हणजे जाळं नीट विणलेलं होतं. अंडाशयाच्या गाठींत मात्र तसा सातत्याने हजर असणारा विषाणू हाती लागला नाही.

तिसरा पुरावा मला सगळ्यात आवडतो. आपल्या प्रत्येक पेशीत पी-५३ नावाचा रखवालदार असतो. डीएनए बिघडला की तो पेशीला थांबवतो किंवा मरायला लावतो. एचपीव्ही पेशीत शिरला की स्वतःच्या एका प्रथिनाने या रखवालदाराला संपवतो. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या गाठींत पी-५३चं मूळ जनुक बहुधा शाबूत असतं. रखवालदारालाच पळवून नेल्यावर त्याच्या नेमणुकीचा कागद फाडायची गरज काय? आता २०११ साली अंडाशयाच्या त्या घातक प्रकारच्या ३१६ गाठींतली जनुकं तपासली, तेव्हा ९६ टक्के गाठींत पी-५३चं जनुकच मोडलेलं निघालं. इथे कागदच फाडलेला आहे. एचपीव्हीची काम करण्याची ही तऱ्हा नव्हे.

तिन्ही एकत्र ठेवले तर काय दिसतं? गर्भाशयमुखाला जसा एचपीव्ही, तसा अंडाशयाला एखादा विषाणू मुख्य कारण असल्याचा पुरावा नाही. पण खटला पूर्ण बंदही झालेला नाही. संसर्गाने बीजवाहिनीला वर्षानुवर्षं सूज राहिली, तर पेशी पुन्हा पुन्हा दुरुस्त होताना चुका वाढू शकतात. क्लॅमिडिया हा जीवाणू आहे, विषाणू नव्हे. त्याच्या अँटिबॉडी असलेल्या बायकांत काही अभ्यासांत धोका थोडा जास्त दिसला आहे. तो खरा चोर की हर्पीससारखा गल्लीतला शेजारी, यावर काम चालू आहे.

आणि एक उलटी गंमत. १९६६ पासून काही अभ्यासांत असं दिसलं, की लहानपणी गालगुंड झालेल्या बायकांना अंडाशयाचा कर्करोग जरा कमी होतो. २०१० साली अमेरिकन संशोधकांनी अंदाज मांडला, की गालगुंडाच्या वेळी तयार झालेल्या काही अँटिबॉडी पुढे कर्करोगाच्या पेशीही ओळखत असाव्यात. म्हणजे विषाणू इथे कदाचित मदतनीस! म्हणून कोणी मुलांची एमएमआरची लस चुकवू नका हं. गालगुंडाने बहिरेपण आणि मेंदूची सूज येऊ शकते.

हे सगळं कशासाठी?

कोणी म्हणेल, विषाणू असो वा नसो, आपल्याला काय फरक पडतो? पडतो, आणि तो मी घरात पाहिला आहे. साताऱ्याच्या माझ्या आत्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी पोट फुगल्यासारखं वाटायला लागलं. दोन घास खाल्ले की पोट भरायचं. ओवा झाला, हिंग झाला, गॅसच्या गोळ्या झाल्या. चार महिने गेले. सोनोग्राफी झाली तेव्हा रोग तिसऱ्या पायरीवर होता. तिच्या आजारपणात भेटायला आलेल्या एका नातेवाइकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "कसलं इन्फेक्शन होतं का हो?" आत्या खाली मान घालून बसली. त्या प्रश्नात काय दडलं होतं ते तिलाही कळलं आणि आम्हालाही. नंतर दोन वर्षांनी ती गेली.

मंडळी, पुराव्याशिवाय विषाणूवर घेतलेला आळ विषाणूवर राहत नाही. तो बाईच्या चारित्र्यावर जातो. एचपीव्हीच्या बाबतीतसुद्धा तो जाऊ नये. तो इतका सर्रास आढळतो, की बहुतेक माणसांना आयुष्यात कधी ना कधी होऊन जातो आणि आपोआप बराही होतो. अंडाशयाच्या बाबतीत तर आळ घ्यायला आधारच नाही.

दुसरा फरक अधिक धोक्याचा आहे. दोन्ही रोग एकच समजले, की बाई निर्धास्त होते. "माझी स्मिअर टेस्ट परवाच क्लिअर आली, मला काही नाही." स्मिअर टेस्ट गर्भाशयमुखासाठी आहे. अंडाशयाचा कर्करोग ती शोधत नाही. आणि अंडाशयासाठी धडधाकट बायकांची सरसकट करावी अशी तपासणी आज नाही. इथे ब्रिटनमध्येच दोन लाखांहून जास्त बायकांवर रक्तचाचणी आणि सोनोग्राफीचा प्रयोग झाला. २०२१ साली निकाल आला: मृत्यू कमी झाले नाहीत.

म्हणून चार कामं सांगतो आणि थांबतो.

एक, एचपीव्हीची लस. शाळेतून इयत्ता आठच्या सुमारास, म्हणजे १२-१३व्या वर्षी संमतीचा कागद घरी येतो. त्यावर सही करा. मुलींसाठीही आणि मुलांसाठीही. मुलांना इथे २०१९ पासून मिळते. २०२३ पासून एकच डोस पुरतो. भारतात पुतण्या-भाच्या असतील तर त्यांच्या आईवडिलांना सांगा, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्वाव्हॅक ही लस २०२३ पासून मिळते.

दोन, लस घेतली असली तरी स्मिअर टेस्टचं पत्र आलं की जा. २५ ते ६४ वयापर्यंत ते येत राहतं. रद्दीत टाकू नका.

तीन, पोटाचं ऐका. पोट सतत फुगणं, थोडं खाऊन भरल्यासारखं होणं, ओटीपोटात दुखणं, वारंवार लघवीला लागणं. नवीन सुरू झालेलं असेल आणि महिन्यात बारापेक्षा जास्त वेळा होत असेल, विशेषतः वय पन्नाशीच्या पुढे असेल, तर जीपीकडे जाऊन स्पष्ट विचारा: "हे अंडाशयाचं असू शकेल का? सीए-१२५ची रक्तचाचणी करायची का?" बहुतेक वेळा ते दुसरंच काहीतरी साधं निघतं. पण पहिल्या पायरीवर सापडलं तर दहातल्या नऊहून जास्त जणी पाच वर्षांनंतरही असतात, हे लक्षात ठेवा. हा प्रश्न लाजेचा नाही.

चार, आणि हे खास पुरुषांसाठी. बीआरसीए जनुकातला दोष असेल तर अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका खूप वाढतो; सर्वसाधारण बाईला आयुष्यभरात एक-दीड टक्क्याच्या आसपास, तर बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या बाईला चाळीस टक्के किंवा त्याहूनही जास्त. हा दोष आईकडून येतो तसाच वडिलांकडूनही येतो. म्हणजे आजी आणि मावशीइतकीच आत्याही महत्त्वाची. माझ्या आत्याचा आजार माझ्या बहिणीने जीपीला सांगितला, तेव्हाच तिला जनुक-तपासणीच्या दवाखान्यात पाठवलं गेलं. आपल्याकडे मात्र "अमक्या काकू पोटाच्या दुखण्याने गेल्या" एवढंच सांगतात. कसलं दुखणं, कितव्या वर्षी, हे कोणी विचारत नाही.

तर यंदा भाऊबीजेला भारतात फोन कराल तेव्हा ओवाळणी किती पाठवली याबरोबर एवढंही विचारा: आपल्या घरात कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कर्करोग झाला होता का, कोणत्या वयात? उत्तर एका वहीत लिहून ठेवा. बहिणीला द्या, लेकीला द्या. आणि "तुझं पोट कसं आहे?" हेही विचारा. ती हसेल. हसू दे.

डॉक्टरमंडळी मागे उभी आहेत, माझं काही चुकलं असेल तर ती आता दुरुस्त करतील. प्रश्न विचारा. चहाला अजून दहा मिनिटं आहेत.